धुतलेली भांडी

खुशी धुतलेली भांडी परत घासत होती.

गोपाल हातात कंगवा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. अकोल्याच्या गाडीची वेळ होत आली होती. पोरीची एक वेणी झाली होती, दुसरी राहिली होती. मध्येच ती उठली होती, रॅकमधली ताटं-वाट्या मोरीत उतरवून उकिडवी बसली होती आणि ओठ घट्ट मिटून एकेक घासत होती. आदळआपट काही नव्हती. चकचकीत ताटावरून घासणी गोल गोल फिरत होती आणि तो खरखर आवाज गोपालच्या डोक्यात जात होता.

"बेटा, ते मी सकाळीच घासले ना."

घासणी फिरतच राहिली.

"गाडी जाईल आपली."

एक वाटी उपडी झाली. दुसरी हातात आली.

शेवटी त्याने नळ बंद केला, सात वर्षांच्या पोरीला काखेत धरून उचललं, ओला फ्रॉक बदलला, भांडी परत रॅकमध्ये लावली, सुटलेल्या केसांना नुसतं रबर लावलं आणि घराला कुलूप घातलं. खुशी तोंडातून चकार शब्द काढत नव्हती. तिची आई अशीच होती. वर्षाली रागावली की भांडायची नाही, रडायची नाही, धुतलेली भांडी घासायला बसायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी गोपालला वाटलं होतं, बायको फार स्वच्छतेची मिळाली. राग कळायलाच त्याला बरेच महिने लागले होते.

शेजारची नसीमबानो ओट्यावर लसूण सोलत बसली होती. गोपाल शाळेत जात होता तेव्हा ती लग्न होऊन शेजारच्या घरी आली, तेव्हापासून दोन्ही घरांची एकच भिंत. गोपाल दुकानात असला की खुशी तिच्याकडेच असायची.

"निघाला काय रे? सासूले माझा सलाम सांग," ती म्हणाली. "आन् पोट्टीले घेऊनच ये परत."

गोपाल नुसती मान हलवून पुढे झाला. भीती त्याची तीच होती.

वर्षालीला जाऊन सहा वर्षं झाली. डेंग्यूचं निमित्त झालं. खुशी तेव्हा रांगत होती. अमरावतीत अंबागेटच्या आतल्या या घरात तेव्हापासून बाप आणि लेक दोघंच. गोपालचं जुन्या कॉटन मार्केटकडे मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. सकाळी स्वयंपाक, भांडी, पोरीचा डबा, मग दिवसभर शेतातल्या जळालेल्या मोटरी. संध्याकाळी परत भांडी. चाललं होतं बऱ्यापैकी. पण दिवाळीनंतर खुशीचं हे भांड्यांचं सुरू झालं, गोपालच्या तोंडून एकदा ते फोनवर निसटलं, आणि अकोल्याहून सासूने धोशाच लावला. पोरगी वर्षालीच्या वळणावर चालली, तिचा स्वभाव तुम्हाला झेपायचा नाही, जूनमध्ये तिला इकडे आणा, शाळा मी पाहते. आज गोपाल त्याचाच निकाल लावायला निघाला होता.

काय बोलायचं ते त्याने बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मनात घोकलं. पोरगी दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस अकोल्याला राहिली, आणि परत आल्यावरच हे सुरू झालं. म्हणजे आजीनेच तिच्या डोक्यात भरवलं असणार. तुझी आई अशी करायची, तुझी आई तशी करायची. हे बोलायचं आणि विषय संपवायचा. लाल गाडीच्या खिडकीतून मे महिन्याची गरम हवा तोंडावर येत होती. खुशी खिडकीला गाल लावून बसली होती.

डाबकी रोडवरच्या घरात पाऊल टाकताच सुरुवात झाली.

"आली माझी बाय," सासू माणिकबाई म्हणाली. "पाहा, पाहा, चालणं पाहा तिचं. वर्षालीच येऊन राहिली."

गोपालने चपला काढता काढता दात आवळले. अकोल्यात खुशीचं सगळंच वर्षालीचं असायचं. चालणं, हसणं, शिंकणंसुद्धा. तिवस्याला गोपालच्या बहिणीकडे गेलं की तेच नाक, तेच कपाळ गोपालच्या मायचं, मैनाबाईचं व्हायचं. शेताचे हिस्से पाडावे तशी पोरीची वाटणी. तिच्या स्वतःच्या नावावर काही राहतच नव्हतं.

जेवायला आंब्याचा रस, त्यात बुडवून खायचे काडीवर वळलेले सरगुंडे आणि कुरडया होत्या. कूलरचा आवाज इतका होता की सगळ्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं. सासरे खुशालराव खाटेवर बसून जेवत होते, त्यांचे गुडघे गेले होते.

"गोपालराव, घ्या ना," ते म्हणाले. "तोंड पाहून तर वाटते जेवाले नाही, भांडाले आले."

"भांडाले काहून येतील?" माणिकबाई म्हणाली. "जूनमधी नाव टाकून देऊ तिचं. शाळा पाहून ठेवली मी. गल्लीच्या तोंडाशीच आहे."

"नाही आई. तेच बोलाले आलो मी."

"बोलाचं काय त्याच्यात? तुमाले दुकान आहे. पोट्टी दिवसभर शेजारी. अर्धी हिंदी बोलते ते."

"अख्खी अमरावती बोलते."

"अकोलाही बोलते," खुशालराव म्हणाले. "भाजीवाल्यासंग तू काय बोलते? संस्कृत?"

"तुमी जेवा गपचूप."

खुशीची वाटी केव्हाच रिकामी झाली होती. वाटीच्या कडेने बोट फिरवून तेही तिने चाटलं, आणि एकदा आजीकडे, एकदा बापाकडे बघून ती उठली. कोणी तिला काही विचारलं नाही. थोड्या वेळाने मागच्या मोरीतून कूलरच्या वरताण खरखर ऐकू यायला लागली.

माणिकबाईने हात थांबवला.

"ऐका," ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम मऊ झाला होता. "हे काय आहे सांगा मले. कोणी शिकवलं तिले? मायले पाह्यलं तरी काय तिनं? रांगत होती. तरी पाहा. रक्तातलं आहे हे. माझी वर्षाली लहानपणापासून अशीच. रुसली का भांड्यापाशी."

"रक्तातलं असतं तर आधी काहून नव्हतं?" गोपाल म्हणाला. "दिवाळीनंतर सुरू झालं. दिवाळीले ते इथं होती. तुमीच सांगत बसता तिले, तुही माय अशी होती, तशी होती. पोट्टं जे ऐकते ते करते."

"मंजे मी बिघडवलं तिले?"

"बिघडवलं नाही म्हणत मी. शिकवलं म्हणतो."

"देवाची आण घेऊन सांगते, भांड्याचं मी तिच्यापाशी कधी बोलली नाही. मलेच रडू येते बोलताना, तिले काय सांगू?"

ती खोटं बोलत नव्हती, हे गोपालला दिसत होतं, आणि त्यामुळेच त्याचा वैताग आणखी वाढला. बसमध्ये घोकलेलं सगळं एका वाक्यात संपलं होतं.

"शिकवलं नसंल तर दुसरं कोणी शिकवलं असंल. पण पोरगी माझ्यापाशीच राहीन."

"आन् तिचा हा स्वभाव कोण सांभाळीन? तुमाले वर्षालीच समजली नाही गोपालराव, ही काय समजन?"

गोपालने हातातला सरगुंड्याचा घास ताटात ठेवला.

"तुमाले खुशी पाहिजेच नाही आई," तो म्हणाला. "तुमाले वर्षाली पाहिजे परत. ते नाही येत. मले नाही आणता आली, तुमालेही नाही येणार."

कूलर घुरघुरत राहिला. मोरीतली खरखर थांबली नव्हती. माणिकबाई पदराने हात पुसत बसली, हात कोरडे होते तरी पुसत बसली. तेव्हा खुशालराव खाटेवरून म्हणाले, "पण मले एक सांग. वर्षालीनं आपल्या घरी भांडे कवा घासले?"

"मंजे?"

"पुंजाजीची बायको येत होती ना भांड्याले. पोरीचं लगन होईपर्यंत तेच येत होती. वर्षाली भांड्याले हात कायले लावते? ते रुसली का गच्चीवर जाऊन बसे. मीच आणत होतो तिले खाली. चिवड्याची लालूच द्या लागे."

 माणिकबाई म्हणाली, "म्या पाह्यलं आहे तिले घासताना. या डोळ्यानं."

"कुठं?"

"अमरावतीले. खुशीच्या बारशानंतर तिले पोचवाले गेली होती मी, तवा. मंग मले तसंच वाटे. लहानपणापासूनचं."

"तुमच्याकडचं नाहीच मंजे," गोपालच्या तोंडून निघून गेलं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही. खुशीने भांडी काढली की तो वैतागायचा, पण वैतागताना आतून कुठेतरी कान देऊनही बसायचा. वर्षालीचं एवढं एक मागे राहिलं, असं त्याने धरून ठेवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं.

"तुमच्या घरी येऊन शिकली ते," माणिकबाई म्हणाली. "तुमच्या मायनं शिकवलं असंल."

"माय तर तोंडानं बोले. साऱ्या गल्लीले ऐकू जाये."

"मले काय मालूम." मग ती मोरीकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "मंग माझ्या पोरीचं तिच्यात काय आहे?"

गोपालने ताट बाजूला सारलं. 

निकाल काही लागला नाही. निघताना खुशालराव म्हणाले, "जूनले टाइम आहे अजून." माणिकबाईने पिशवीत कुरडया बांधून दिल्या, पण गोपालकडे बघितलं नाही. फक्त खुशीच्या सुटलेल्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बापानं दुसरी वेणीही घातली नाही लेकराची."

परतीच्या गाडीत खुशी झोपून गेली. गोपालला झोप येत नव्हती. दुकानात जळालेली मोटर आली की रोज हेच भांडण. शेतकरी म्हणतो मोटरच खराब निघाली, विकणारा म्हणतो तुमच्याकडचं व्होल्टेज खराब. गोपाल मध्ये पडत नसे. तो मोटर खोलायचा. एखादा फेज गेला असेल तर काही कॉइल काळ्या आणि काही कोऱ्या निघतात. बेअरिंग गेली असेल तर आतला पत्रा घासलेला असतो. दोघांना दाखवायचं, बोलणं संपलं. मांडीवर झोपलेल्या पोरीला कुठून खोलायचं? आईचं किती, आजीचं किती, दिवाळीचं किती, आणि हिचं स्वतःचं किती? बोरगाव मंजूला गाडी थांबली, भेळवाला चढला, उतरला. गोपालला सासूचा राग येत होता, सासूला बोललो याचा राग येत होता, मेलेल्या मायचाही थोडा येत होता. वर्षालीचं म्हणून जे ठेवलं होतं ते तिचं नाही म्हणे.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं, पण भिंती तापलेल्याच होत्या. खुशी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली जाऊन बसली. गोपाल पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. तुमाले वर्षालीच समजली नाही. हे वाक्य बसमधून उतरल्यावरही डोक्यातून उतरलं नव्हतं. संसार त्याने केला होता तिच्याबरोबर. चार वर्षं काय झोपला होता तो? समजली नाही म्हणे. तापात रात्र रात्र कोण बसलं होतं उशाशी?

"काय रे गोपाल," भिंतीच्या वरच्या झरोक्यातून नसीमबानोचा आवाज आला. "भांडण झालं वाटते अकोल्याले?"

"कोणी सांगितलं तुमाले?"

"सांगाले कायले पाहिजे? भांडे वाजून राहिले ना तुझे."

गोपालने खाली बघितलं. नळ सुरू होता. त्याच्या एका हातात घासणी होती, दुसऱ्या हातात ताट. मोरीत बाकीची ताटं एकावर एक पडलेली. सकाळी त्याने घासलेली, मग खुशीने घासलेली, आणि आता तिसऱ्यांदा. ती त्याने रॅकमधून केव्हा काढली, हे त्याला आठवेना.

"खाला," तो म्हणाला. "हे मी नेहमी करतो?"

"लो. याले मालूमच नाही." झरोक्यापलीकडे ती हसली. "पहिले तुझ्या मायचे वाजत. साऱ्या दुनियेसंग तोंडानं भांडे ते, पण तुझ्या बापासंग बिनसलं का नुसते भांडे. मंग वर्षाली आली. दोघींचे तर संगच वाजत. एक घासे, एक धुवे, आन् बोलत नसत एकमेकीशी. मैनाबाई गेली, तुझी लेक व्हायची होती अजून, मंग वर्षालीचे एकटीचे वाजत राहिले. ते गेली तवा मले वाटलं, आता बंद होईन. झालेही होते काही दिवस. मंग एक दिवस वाजले. म्या आमच्या साजिदच्या अब्बाले म्हटलं, चला, गोपाल उठला एकदाचा."

गोपाल ताट धरून उभाच होता.

"आन् खुशी?"

"ते आता लागली. आधी हात कुठं पुरत होता तिचा? दिवाळीत तूच तर रॅक खाली ठोकला."

ठोकला होता. दिवाळीच्या साफसफाईत, पोरीला आपलं ताट आपण घेता यावं म्हणून. सहा वर्षं ती दारात उभी राहून बापाला बघत आली होती, आणि रॅक खाली आल्याबरोबर तिने बापाचं काम हातात घेतलं होतं. आणि तो ते अकोल्यात शोधायला गेला होता.

त्याने नळ बंद केला. आता सासूला हे सांगितलं तर तिच्या हातात आयतंच सापडणार होतं. बाप असा, म्हणून पोरगी तशी, आणा तिला इकडे. न सांगता जून काढता आला असता. पण दुपारी तिने 'माझ्या पोरीचं काय' म्हणून जे विचारलं होतं ते त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. त्याने ओल्या हातानेच फोन लावला.

"आई, ते पोरीनं माझ्याकडून उचललं."

"काय?"

"भांड्याचं. मी घासतो रागात. मले मालूम नव्हतं. आता शेजारीण बाईनं सांगितलं."

तिकडे कूलरचा आवाज येत होता.

"तुमी?"

"हो."

"आन् तुमी कोणाकडून उचललं?"

"माय करत होती म्हणते. वर्षालीनं तिच्यासंग राहून घेतलं असंल. पण मी वर्षाली गेल्यावर सुरू केलं. मायकडून आलं का तिच्याकडून, मले नाही सांगता येत आई."

"वर्षालीकडून," माणिकबाई म्हणाली.

"असंल."

"असंल नाही. हो म्हणा."

"हो," गोपाल म्हणाला. म्हटल्यावर त्याला ते खरं वाटलं. खोटं असतं तरी त्याने तेच म्हटलं असतं.

 तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि तिचा नेहमीचा करडा सूर परत आला. "मंग पोट्टीले इथं आणून काय उपेग? जे बिघडलं ते तिथंच बिघडून राहिलं. मीच येते जूनमधी. महिनाभर राहते. दोघांचे हात पाहते कसे चालते तर."

"आन् मले जेवाले कोण देईन?" मागून खुशालराव ओरडले.

"भांडे घासाले शिका तुमी," ती तिकडे तोंड करून म्हणाली, आणि मग फोनमध्ये, "पण ते दुपारी रुसली कायनं होती?"

गोपालला माहीत नव्हतं. सकाळचंही माहीत नव्हतं. त्याने फोन हातात तसाच धरून बाहेरच्या खोलीत डोकं घातलं.

"खुशी, दुपारी आजीकडे काहून रागावली होती तू?"

खुशीने आधी त्याच्या ओल्या हातांकडे बघितलं, मग मोरीकडे, मग त्याच्याकडे.

"तुमी सारे माझ्यावरच बोलून राहिले होते," ती म्हणाली. "आन् मले रस कोणी परत वाढलाच नाही."

पलीकडे माणिकबाईला ते ऐकू गेलं असावं. "अरे माझे माय," ती पुटपुटली. "पातेलंभर होता." आणि फोन ठेवून दिला.

"आन् सकाळी?" गोपालने विचारलं.

"सकाळी तुमी वेणी वाकडी घातली."

तो कंगवा घेऊन तिच्या मागे बसला. सकाळची एक वेणी अजून तशीच होती, खरंच वाकडी. ती सोडली, केस विंचरले, मधोमध भांग पाडायचा प्रयत्न केला. इतक्या वर्षांत त्याला हा भांग कधी जमला नव्हता. मोटरच्या बारीक तारा न चुकता गुंडाळणारे त्याचे हात इथे येऊन गोंधळायचे. वेणी घातली, रबर लावलं.

खुशीने भिंतीवरच्या आरशात बघितलं. मग तिचे ओठ मिटले आणि तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"नाही," गोपाल म्हणाला. "तोंडानं सांग."

तिने वेणी पुढे ओढून बघितली.

"वाकडी आहे," ती म्हणाली.

त्याने वेणी परत सोडली.